आमच्या घराचा टॅक्स कोण भरतंय

मी मूळची देवगडच्या बाजूची, लग्न होऊन आले ती दहिसरला, या नदीच्या अलीकडच्या घरात, आणि तेव्हापासून इथेच आहे. तेव्हा घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पडवी, एवढंच. सासरे गिरणीत होते, परळला चाळीत राहायचे, गिरणी गेली तेव्हा हातात जे काय आलं त्याचा त्यांनी चेकनाक्याच्या आधी हा तुकडा घेतला, लोक हसले त्यांना, म्हणाले सखाराम जंगलात चालला. सखाराम परब त्यांचं नाव. त्यांना जाऊन आता किती वर्षं झाली, पण घराचं बिल अजून त्यांच्याच नावाने येतं, एस. परब म्हणून, आणि पुढचा सगळा घोळ त्या नावामुळेच झाला, तो सांगतेच तुम्हाला.

तुम्ही बसा, मी हे कपडे घड्या करत बोलते, मला नुसतं बसून बोलता येत नाही.

सासऱ्यांना दोन मुलगे. थोरले भावजी आणि धाकटे आमचे हे. वरचा मजला दोघा भावांनी मिळून चढवला, रविवारी दोघे पायजमे गुडघ्यापर्यंत वर करून सिमेंट कालवायचे आणि सासूबाई खालून ओरडायच्या, रे पडशात, पडशात. त्या वरच्या मजल्याने आमची गंमत केली बघा. पाचशे फुटांच्या आतल्या घरांना टॅक्स माफ झाला ना, तर आमचं घर त्या मजल्यामुळे बाहेर राहिलं. गल्लीतले काही सुटले, आम्ही अडकलो. जाऊदे.

भावजी आणि जाऊबाई वर राहायचे. मग जाऊबाईंची नोकरी मुलुंडला, इथून जाऊन येऊन त्यांची कंबर गेली, म्हणून त्यांनी तिकडे ब्लॉक घेतला. भांडण काही झालं नाही हो, लोक विचारतात म्हणून सांगते. नुसतं येणं कमी झालं. आधी गणपतीला यायचे, मग गणपतीलाही फोन. आमचे हे गेले तेव्हा भावजी आले, सगळे दिवस राहिले, आणि मग जे गेले ते गेलेच.

मी बाळंतिणींची कामं करते. सासूबाईंनी शिकवलं. बाळाची मालिश, आंघोळ, बाळंतिणीचं अंग चोळणं, शेक, धुरी. बोरीवलीत माझी घरं आहेत, मराठी आहेत, गुजराती आहेत, एकीने दुसरीला सांगायचं, तिने तिसरीला, असं चाललंय. याच हातांनी नयनाचं, माझ्या मुलीचं, शिक्षण झालं, लग्न झालं, ती आता गोरेगावला असते. आणि याच हातांनी मी घराचा टॅक्स भरत आले. आमचे हे होते तेव्हा तेच भरायचे, वॉर्ड ऑफिसात लाईन लावून. नंतर मी. रोख. रुमालात बांधून न्यायचे पैसे आणि पावती त्याच रुमालात बांधून आणायची. सासरे म्हणायचे, पावती खंय? हातात पावती नाय तर तू पैसे दिलंस कशाक? ते कानात बसलेलं. नयना कितीदा म्हणाली, आई, चेक दे, नाहीतर बिलावर तो चौकोन छापलाय ना तो मोबाईलने स्कॅन कर, बसल्या जागी होतं. मी म्हणायचे, होत असेल गो, पण मला माझे पैसे कोणाच्या हातात गेले ते दिसायला लागतं.

तर एकदा मी अशीच गेले. बिल घेऊन, रुमाल घेऊन. खिडकीवर चष्मेवाली मुलगी असते, ओळखते मला. तिने नंबर टाकला आणि म्हणाली, मावशी, हे भरलेलं आहे. मी म्हटलं, नाही गं, मी तर आत्ता येतेय. ती म्हणाली, ऑनलाईन भरलंय कोणीतरी, मुलीने भरलं असेल. मी तिथेच बाजूला होऊन नयनाला फोन लावला. ती म्हणाली, मी नाही भरला. मी परत खिडकीवर. म्हटलं, बाई, मग भरला कोणी, नाव सांग. ती म्हणाली, ते मला इथे दिसत नाही, खाते नंबर माहीत असला की कोणीही भरू शकतं मावशी, त्यात काय, तुमचे पैसे वाचले, पुढचे या.

पैसे वाचले. सगळे हेच म्हणाले. नयना म्हणाली, आई, कोणी भरतंय तर भरू दे ना यार, तुला प्रॉब्लेम काय आहे. आता तिला कसं सांगू. तुमच्या दारातला केर रोज सकाळी तुम्ही उठायच्या आधी कोणी काढून जात असेल तर तुम्ही खूश व्हाल का, की कोण येतं ते बघाल? माझं घर, आणि त्याचे पैसे कोणी परका भरतोय, का भरतोय? माझं लक्ष उडालं. भाजी टाकायची आणि विसरायची. एका गुजराती घरात बाळंतीण म्हणाली, मासी, आज तमारा हाथ बहु कडक छे. मी हात हलका केला, पण हातातली घाई काही जाईना.

त्यात गल्लीत तो बिल्डरचा माणूस फिरायला लागलेला. सगळी बैठी घरं मिळून टॉवर करायचा म्हणत होता. गोड बोलणारा, आल्या आल्या पाया पडणारा. एकदा उठता उठता म्हणाला, बिल सासऱ्यांच्या नावे आहे ना मावशी, आणि टॅक्स कोण भरतं, तुम्हीच ना? मी खोटंच हो म्हटलं.

माझ्या घरांपैकी एक बाळंतीण वकील होती. तिची पाठ चोळता चोळता मी विचारलं, ताई, दुसऱ्याने टॅक्स भरला तर घर त्याचं होतं का हो? ती उताणी झाली आणि बघायलाच लागली माझ्याकडे. म्हणाली, नुसता टॅक्स भरल्याने घर कोणाचं होत नाही मावशी, पण भांडण कोर्टात गेलं की माणूस त्याही पावत्या पुढे करतो, की बघा, मी सांभाळत होतो. तुमच्या घराला अजून हक्कदार कोण आहेत? मी म्हटलं, थोरले दीर. ती नुसतं हं म्हणाली. ते हं मी घरापर्यंत घेऊन आले.

पुढचं बिल आलं. दिवाळीच्या आधी गेले, तर परत तेच. भरलेलं आहे मावशी. तेव्हा मात्र मी घरी आलेच नाही, तशीच बस पकडून मुलुंडला गेले. आगाऊ फोन नाही, काही नाही. रुमाल तसाच पर्समध्ये.

भावजी रिटायर झालेत, साखरेची बिमारी आहे, बारीक झालेत. दार त्यांनीच उघडलं. त्यांना बरं वाटलं हो मला बघून, खोटं कशाला बोलू. म्हणाले, शालन, तू? ये ये. जाऊबाईंनी चहा टाकला. मी इकडचं तिकडचं बोलायला हवं होतं, पण मला कुठला धीर. मी विचारलं, भावजी, आपल्या घराचा टॅक्स तुम्ही भरताय का? ते म्हणाले, म्हणजे? मी म्हटलं, कोणीतरी भरतंय, दोनदा भरला, मला न सांगता. तुम्ही असाल तर सांगा, लपून कशाला.

लपून हा शब्द लागला. जाऊबाई आतून आल्या, म्हणाल्या, म्हणजे आम्ही चोर झालो का? मी म्हटलं, तसं नाही म्हणत मी. त्या म्हणाल्या, तसंच म्हणतेस, इतकी वर्षं आम्ही त्या घराचा एक पत्रा मागितला नाही. भावजी हळू म्हणाले, आणि भरला असता मी तर? बाबांचं घर आहे. वरच्या मजल्याच्या विटा मी पण वाहिल्यात. तुझी नयना परक्या घरी गेली, तुझ्यामागे ते घर कोणाचं, याचा विचार केलायस तू?

नयनाचं नाव घेतलं ना, मी उठलेच. चहाचा कप तसाच राहिला, साय धरली असेल त्याच्यावर. मनात एकच, याच माणसाने ह्यांच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं, आणि हाच माणूस मला विचारतोय घर कोणाचं.

पुढे उन्हाळ्यात बिल येण्याच्या सुमारास मी रोज पोस्टमनची वाट बघायचे. ज्या दिवशी बिल आलं त्याच दिवशी मी सकाळची दोन घरं सांभाळून थेट वॉर्ड ऑफिस. चष्मेवालीला म्हटलं, बघ आधी, भरलंय का? ती म्हणाली, नाही अजून. मी म्हटलं, मग घे लवकर. ती हसली, म्हणाली, मावशी, लोक शेवटच्या दिवसापर्यंत येत नाहीत. पावती हातात आली तेव्हा कितीतरी महिन्यांनी मला धड श्वास घेतल्यासारखं वाटलं. येताना केळी घेतली, स्वतःसाठी, बसस्टॉपवर खाल्ली.

आणि त्याच आठवड्यात मोबाईलवर भावजींचा मेसेज. शब्द एक नाही. नुसता पावतीचा फोटो. आमच्या घराचा नंबर, एस. परब, पूर्ण रक्कम.

काय सांगू तुम्हाला, माझं डोकंच फिरलं. परत खिडकीवर गेले. म्हटलं, मी भरलेलं असताना दुसऱ्याचे पैसे घेतलेच कसे? ती म्हणाली, जादा आलं की पुढच्या बिलासाठी जमा राहतं मावशी. मग स्क्रीनकडे बघत म्हणाली, पण इथे तर तीन वेळा आलेत. मी म्हटलं, तीन कसे? ती म्हणाली, एक तुमचे रोख, आणि ऑनलाईन दोन, वेगवेगळ्या दिवशी. तुमच्या घरावर सगळ्यांचं फार प्रेम दिसतंय. बिचारी चेष्टेत म्हणाली.

बाहेर आवारातच उभी राहून मी भावजींना फोन लावला. मुलुंडनंतर पहिल्यांदा. म्हटलं, किती वेळा भरलात? ते म्हणाले, एकदाच, फोटो पाठवला ना. मी म्हटलं, आणि आधीचे? ते चिडले, म्हणाले, शालन, आधीचे मी नाही भरले, तेव्हाच सांगणार होतो पण तू उठून गेलीस, माझ्या डोक्यातही नव्हतं ते, तू येऊन विचारलंस म्हणून डोक्यात आलं. म्हणजे बघा, मी जाऊन त्यांना वाट दाखवली. मी म्हटलं, भावजी, मग अजून कोणीतरी आहे. ते म्हणाले, मी येतो.

आले. इतक्या वर्षांनी त्या दारातून आत आले, आणि आधी भिंतीवर हात फिरवला, जिथे ओल येते तिथे. म्हणाले, हे कधीपासून? मी म्हटलं, दोन पावसाळे झाले. आम्ही दोघं समोरासमोर बसलो, मी त्यांना बिल्डरच्या माणसाचं सांगितलं, आणि मग दोघांच्या मनात तोच. भावजी म्हणाले, कसल्या कागदावर सही केली नाहीस ना? मी म्हटलं, नाही. तुम्ही? ते म्हणाले, नाही. पण एकमेकांवर विश्वास ठेवून दोघांनी मान हलवली की नुसतीच हलवली, ते आजही सांगता यायचं नाही मला.

पुढच्याच आठवड्यात दुपारी दारात एक म्हातारे गृहस्थ. काठी, पांढरा शर्ट इस्त्रीचा, खिशात चष्म्याचं घर. मला विचारतात, सखाराम परब इथेच राहतात का? मी म्हटलं, ते माझे सासरे, ते वारले, बरीच वर्षं झाली. तर ते पायरीवर बसलेच एकदम. म्हणाले, अरे अरे, मी त्यांनाच भेटायला आलो होतो. मला वाटलं माझ्याच वयाचे असतील, समजून घेतील.

मी पाणी दिलं. म्हणाले, मी सदाशिव परब. पलीकडच्या रस्त्याला माझी छोटी बंगली आहे. तुमच्या घराचा टॅक्स मी भरत होतो.

मी म्हटलं, का?

ते म्हणाले, माझा समजून.

मग हळूहळू सांगितलं त्यांनी. बिलं, बँक, सगळं त्यांची बायको बघायची. ती गेली. मुलगा लांब असतो, तो म्हणाला बाबा मी इथून भरतो, पण काकांनी ऐकलं नाही, म्हणाले माझ्या घराचं मी करीन. मोबाईलवर एका बोटाने नंबर टाकला, त्यात एक आकडा चुकला. समोर नाव आलं, एस. परब. बरोबर आहे म्हणून बटण दाबलं. पुढच्या वेळी मोबाईलने तोच नंबर आपणहून पुढे केला. पैसे जायचे, पावती यायची, काका मुलाला फोन करून सांगायचे, भरला बरं का. आणि इकडे त्यांच्या स्वतःच्या घरावर थकबाकी चढत होती, दंड चढत होता. नवीन बिलात जुनी थकबाकी छापून यायची, पण काका बिल वाचतील कशाला, मोबाईल होता ना. शेवटी फाटकावर नोटीस लागली. येणाजाणाऱ्यांनी वाचली. मग पावत्या घेऊन वॉर्ड ऑफिसात गेले, तिथे चूक सापडली आणि सासऱ्यांचं पूर्ण नाव आणि आमचा पत्ता मिळाला.

म्हणाले, बाई, ती गेल्यावर घरातलं मला काहीच येत नव्हतं. कुकर लावता येत नव्हता. हे एक यायला लागलं होतं. मला वाटायचं, एवढं तरी मला जमतं.

मी किती महिने ज्याला शिव्या घातल्या तो हा माणूस. त्याच्या शर्टाचं एक बटण दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने लावलेलं, स्वतःच लावलं असणार.

मी भावजींना फोन केला. म्हटलं, सापडला. सगळं ऐकून ते बराच वेळ हसले, मग हसायचे थांबले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं वॉर्ड ऑफिसला. चष्मेवालीने साहेबांकडे पाठवलं, साहेब नीट बोलले, म्हणाले, या खात्यातले त्या खात्यात वळवायला अर्ज करा, आम्ही पुढे पाठवतो, पण वेळ लागेल, तोवर यांचा दंड थांबणार नाही. काका काठीकडे बघत बसले. त्यांनी एकदाही म्हटलं नाही की माझे पैसे द्या.

भावजी म्हणाले, शालन, इकडे ये. बाजूला नेलं. म्हणाले, यांचे पैसे आपल्या खात्यात गेलेत, दोन बिलं आपली फुकट सुटली आणि पुढचंही जमा आहे, म्हणजे आपणच यांचं देणं लागतो. आपण यांना देऊन टाकू, अर्धे मी, अर्धे तू. आपल्या खात्यात, असं म्हणाले. आपल्या. मी ते ऐकलं. बरं वाटलं का वाईट वाटलं, दोन्ही एकदम वाटलं. मी म्हटलं, चालेल.

भावजींनी चेक लिहिला, मी रुमाल सोडला. काका नको नको म्हणत होते, मग डोळे पुसले आणि घेतले. दंड मात्र स्वतः भरीन म्हणाले, तो माझ्या आंधळेपणाचा. मी म्हटलं, आता भरा इथेच खिडकीवर, मी उभी राहते तुमच्यासाठी. तर म्हणाले, नाही. मोबाईलवरच भरीन. तुम्ही दोघं बघा फक्त.

बाकड्यावर बसलो तिघं. काकांनी चष्मा बदलला. भावजी बिलावरचा एकेक आकडा मोठ्याने वाचतायत, काका बोटाने दाबतायत, एकदा चुकलं, खोडलं, परत. नाव आलं. मी म्हटलं, नुसतं एस. परब बघू नका, खालचा पत्ता वाचा. त्यांनी वाचला. त्यांच्या रस्त्याचं नाव, बंगलीचं नाव, बायकोच्या नावावरून ठेवलंय ते. ते नाव वाचताना थांबले जरा. मग दाबलं. पावती आली. काका म्हणाले, झालं? भावजी म्हणाले, झालं काका, आता तुमचंच.

ते अजून येतात अधूनमधून. बाहेरून जाताना हाक मारतात, परबबाई, आहात का. भलं होवो त्यांचं.

आमचं म्हणाल तर भावजी आता महिन्यातून एकदा येतात. ती ओलीची भिंत त्यांनी करून घेतली. जाऊबाई नाही आल्या अजून, तो शब्द त्यांना अजून लागलेला आहे, मी फोनवर म्हटलं माझं चुकलं, त्या म्हणाल्या असू दे, पण आल्या नाहीत. आणि भावजी म्हणतात, बिलावर बाबांचं नाव किती दिवस ठेवायचं, आपली दोघांची नावं लावून घेऊ, अर्ज मी आणतो. नयना म्हणते, आई, वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नकोस. बिल्डरचा माणूस पण येऊन गेला, आता म्हणतो, दोघं एकत्र आलात, बरं झालं, काम सोपं झालं. ते ऐकल्यापासून परत माझ्या हाताला घाई सुटली आहे.

भावजी भिंत बघायला येतात की घर बघायला येतात, मला कळत नाही हो. त्यांनाही कळत असेल की नाही कोण जाणे. वर जातात, त्या रिकाम्या खोलीत खिडकी उघडून उभे राहतात, मी खालून विचारते, भावजी, चहा ठेवू? ते म्हणतात, ठेव. मग दोघं पितो, आणि पिऊन होईपर्यंत कोणी अर्जाचं नाव काढत नाही.

रविवारी येणार आहेत, कागद घेऊन. मी वकीलबाईंना विचारलंय, त्या म्हणाल्या दाखवा मला. दाखवीन. भावजींनाही सांगीन की दाखवलं, लपवून काही करायचं नाही मला आता. पुढे जे व्हायचं ते होईल. चला, झाल्या घड्या, मला बोरीवलीला निघायला हवं, नवीन बाळंतीण आहे, पहिलटकरीण, घाबरते पोराला पाणी घालायला. तुम्ही चहा संपवून सावकाश उठा, जाताना दार नुसतं ओढून घ्या. सुखी राहा बाबांनो, आपापल्या घरात सुखी राहा.